वेंझू ठिपक्याचं धुरकट कार्ड

वेंझू झेराफाचे पुढचे दात गेले आणि आमच्या हाल दोरा गावाच्या बँडने एक भिकार क्लॅरिनेटवाला गमावून एक पहिल्या नंबरचा नकलनवीस कमावला. हे माझं म्हणणं नाही, त्याच्या बायकोचं, तोनाचं आहे. आणि ती ते पाठीमागे नाही, चारचौघांत त्याच्या तोंडावर म्हणते.

नकलनवीस म्हणजे काय, तर बँडमास्तर नवा मार्च लिहितो तो एका लांबरुंद पानावर, सगळी वाद्यं एकाखाली एक. त्यातून ज्याचं त्याला वेगळं काढून द्यायचं, आणि तेही तळहातापेक्षा थोड्याशाच मोठ्या कार्डावर, कारण आमचा बँड काही खुर्च्यांवर बसून वाजवत नाही. गावच्या संताच्या, सान रोक्कूच्या सणाला भर ऑगस्टच्या उन्हात, गल्लीबोळांतून, अंगावर कागदाचे कपटे आणि पोरांनी उडवलेली बिअर झेलत वाजवत चालायचं असतं. कार्ड वाद्यालाच चिमट्याने अडकवलेलं. एवढ्याशा जागेत अख्खा मार्च मावला पाहिजे आणि दिसलाही पाहिजे. एखादा ठिपका पुसट झाला की सूर लांबायचा तो तुटतो, आणि चौकाच्या पलीकडे गावातला दुसरा बँड, निळ्यांचा क्लब, कान टवकारून बसलेलाच असतो. आपण चुकलो की ते टाळ्या वाजवतात. बरोबर वाजवलं की खोकतात.

आपण म्हणजे लाल क्लब. हेही सांगावं लागतं म्हणजे कमालच झाली.

तर वेंझू. नोकरी गोदीत, जहाजांच्या पाठीवर नावं रंगवायची. एकदा एका ग्रीक कप्तानाला त्याने निघायच्या वेळेला थांबवून धरलं, कारण एका अक्षराची कड जराशी थरथरली होती. कप्तानाने ग्रीकमध्ये त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वेंझूने शांतपणे ब्रश धुतला आणि कड पुन्हा मारली. असा माणूस निवृत्त झाल्यावर नोटेशन लिहायला बसला तर काय होणार? "ठिपका काळा हवा, गोल हवा आणि एकटा हवा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. गावाने त्याचं नावच 'ठिपक्या' ठेवलं. तो चिडला नाही, उलट खूश झाला.

एक मात्र होतं. चूक झाली असं या माणसाने कधी कबूल केलं नाही. शिडीवरून पडला तर दोष शिडीचा. लग्नाचा वाढदिवस विसरला तर पाद्र्याने लग्नच चुकीच्या तारखेला लावलं होतं. तोना म्हणायची, "हा मेल्यावर सुद्धा डॉक्टरचं निदान चुकलं म्हणून वाद घालत बसेल."

मग क्लबने कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर. वेंझू आधी महिनाभर त्या खोलीतच गेला नाही. नंतर एक दिवस गेला तो तोनाला जेवायला बोलवायला माणूस पाठवावा लागला. पडद्यावर पान असं दिसायचं की बघत राहावं! रेघा सरळ, ठिपके गोल, सगळं जिथल्या तिथे. पण ते पान पडद्यातून बाहेर काढायचं म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आतलं पान आणि बाहेर आलेलं पान यांचं सासू-सुनेइतकंही पटत नाही.

पहिल्यांदा वेंझूने पडद्याचा सरळ मोबाईलवर फोटोच काढला. छापून आलं तेव्हा बासरीच्या कार्डावर तिसऱ्या ओळीच्या मागे बनियन घातलेला वेंझू अंधुक उभा. बासरीवाल्या पोरींनी ते कार्ड अजून जपून ठेवलंय. मग कुणी सांगितलं की पडद्याचा पडद्यावरच फोटो घेता येतो. घेतला. मोठा करून छापला तर ठिपक्यांना जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या. वेंझूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गोल! मी गोल काढलाय! हा यंत्राचा नालायकपणा आहे!" पण माणूस चिवट. एकेक बटण दाबत, सूचनापत्रं वाचत, शिव्या देत शिकला. चित्र म्हणून पान बाहेर काढताना इंचाला किती ठिपके ते आपण सांगायचं असतं, कडेचा रिकामा समास कापायचा असतो, आणि मोबाईलवर पाठवायचं तर फोटो म्हणून नाही, फाईल म्हणून पाठवायचं असतं. नाहीतर वाटेत ते पिळून निघतं. हे कळल्यावर त्याची कार्डं अशी निघायला लागली की निळ्यांचा नकलनवीससुद्धा आमच्या बारमध्ये कॉफी प्यायच्या निमित्ताने येऊन डोकावून गेला. वेंझूने त्याच्या कॉफीचे पैसे स्वतः दिले. एवढा खूश झाला होता.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात झारेनने तोंड उघडलं.

झारेन म्हणजे बोंबार्डीनवाला. बोंबार्डीन म्हणजे ते मोठ्या पोटाचं पितळी वाद्य, माणसाच्या आवाजात बोलणारं. झारेन आणि वेंझू लहानपणी एकाच बाकावर बसून दो-रे-मी म्हणायला शिकले आणि एकाच मास्तरच्या थपडा खाऊन मोठे झाले. बँडमास्तर फ्रेडीने त्या वर्षीच्या नव्या मार्चमध्ये मधला एकट्याचा तुकडा झारेनसाठीच लिहिला होता. सगळा बँड गप्प होणार आणि एकटं बोंबार्डीन बोलणार. तालमीला तिथे पोचल्यावर झारेन अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळला. मास्तर फ्रेडीने काठी खाली ठेवली.

"काय झालं, झारेन?"

"मला काय होतंय?" झारेनने कार्ड नाकापाशी नेलं. "दिसेल तर वाजवेन ना! हे बघा, दुसऱ्या ओळीत माश्या बसल्यासारखे ठिपके. सगळं धुरकट."

ठिपक्याला त्याच्या ठिपक्यांवरून बोलणं म्हणजे पाद्र्याला त्याच्या घंटेवरून बोलण्यासारखं. वेंझू मागे दाराशी उभा होता.

"काय म्हणालास?"

"धुरकट म्हणालो. कान पण गेले का दातांबरोबर?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" वेंझू ओरडला. "लेका, फुंकायला छातीत दम नाही तो म्हण आधी!"

त्या दिवसापासून क्लबात दोन तट पडले. वेंझूने सगळी सेटिंगं चढवली. तीनशेचे सहाशे ठिपके केले, सहाशेचे बाराशे. कागद बदलला, शाई बदलली. ओळी जाड केल्या, समास कापून नोटेशन मोठं केलं. प्रत्येक तालमीला नवं कार्ड, आणि प्रत्येक तालमीला झारेन कार्ड नाकाशी धरून तेच म्हणणार, "धुरकट." तोनाच्या घरी तर रात्रंदिवस तोच विषय. सूप ढवळताना वेंझू भिंग लावून कार्ड बघायचा.

"सांग, यात काय धुरकट आहे?" तो विचारायचा.

"तुझं सूप धुरकट झालंय, ते बघ आधी. करपतंय," ती म्हणायची.

शेवटी क्लबचे अध्यक्ष सूर नीनू मध्ये पडले. (सूर म्हणजे आमच्याकडे 'श्रीयुत', वाजवायच्या सुराशी त्याचा संबंध नाही.) सूर नीनू म्हणजे मोठं पोट, मोठा आवाज आणि निळ्यांची दिवसरात्र धास्ती. सण तोंडावर आला होता. त्यांनी दोघांना बारमध्ये बोलावून घेतलं, मधे वाटाण्याच्या पास्तित्सींची, म्हणजे आमच्या खुसखुशीत करंज्यांची, बशी ठेवली आणि स्वतःच खात बोलले.

"ऐका. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं पाहिजे. पुढच्या तालमीला वेंझू आपलं सगळ्यात स्वच्छ कार्ड आणेल. मी स्वतः शेजारी उभा राहीन. दोष कागदाचा निघाला, तर कार्डांचं काम उद्यापासून बिर्किर्कारा गावच्या छपाईच्या दुकानाला. वेंझू, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि दोष माणसाचा निघाला..." इथे ते थांबले, कारण पास्तित्सी गरम होती. "तर तो तुकडा आपला दुसरा बोंबार्डीनवाला, रोडरिक वाजवेल. झारेन, तू बँडपुढे निशाण घेऊन चालायचं. निशाण धरणं हा मान असतो."

निशाण धरणं हा मान असतो हे खरं. आणि तो वाजवणं संपलेल्याला देतात हेही सगळ्यांना माहीत असतं. झारेनचा बाप बोंबार्डीन वाजवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. झारेनने बशीतली एक पास्तित्सी उचलली, चावली आणि तोंड वाकडं केलं. "मी रिकोटाची घेतली होती," तो पुटपुटला. बशीत रिकोटाची, म्हणजे चीजची, एकही नव्हती. वेंझूने ते ऐकलं, पण रागात होता. रागात माणसाला ऐकू येतं, समजत नाही.

त्याच आठवड्यात सॅक्सोफोनवाल्या शार्लीनने आणखी एक काडी घातली. तिला कार्ड मोबाईलवर घोकायचं होतं. वेंझूने पाठवलं, तिने उघडलं तर पडदा काळाकुट्ट. झालं असं की चित्र बाहेर काढताना वेंझूने मागची पांढरी जागा काढून टाकली होती, म्हणजे फक्त काळे ठिपके, मागे काहीच नाही. शार्लीनचा मोबाईल आधीच काळ्या पडद्याचा. काळ्यावर काळं, दिसणार काय?

"अंकल वेंझू, तुम्ही मला अंधार पाठवलाय," ती म्हणाली.

"मोबाईल बदल," वेंझू म्हणाला. पण मग त्याला राहवलं नाही. त्याने सगळ्या वाद्यांची आणखी एक जोडी काढली, या मोबाईलवाल्यांसाठी, सगळे ठिपके पांढरे. पडद्यावर इतकी सुंदर दिसली, जशी काळ्या पाटीवर नव्या खडूने लिहिलेली. दोन्ही जोड्या त्याने एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या.

तालमीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. एरवी न येणारेही आले होते. कुणाची तरी फजिती होणार असली की आमच्या गावाला वेळ मिळतो. वेंझूने क्लबच्या प्रिंटरवर झारेनचं कार्ड छापायला लावलं. तेवढ्यात बाहेरून सूर नीनूंची हाक, "वेंझू, लोक खोळंबलेत!" कागद बाहेर पडला तसा त्याने उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत सारला आणि तसाच धावत जाऊन झारेनच्या हातात दिला.

"घे. आणि आता डोळे उघडून बघ."

झारेन रांगेच्या टोकाला उभा होता. त्याने कार्ड नाकापाशी नेलं. डावीकडे केलं, उजवीकडे केलं. वेंझू त्याच्या खांद्यामागून बघत होता.

कार्ड कोरं होतं. कोरं करकरीत. पांढऱ्या जोडीतलं पान, पांढऱ्या कागदावर. नाव नाही, रेघ नाही, एक ठिपका नाही.

सूर नीनू दोन पावलांवरून पुढे सरकत होते. वेंझू तोंड उघडणार, तोच झारेन बोलला. हॉलभर ऐकू जाईल असं, नेहमीच्याच आवाजात.

"बघा! पुन्हा तेच. दुसऱ्या ओळीत माश्या बसल्यात."

वेंझूला वाटलं आपल्या कानात काहीतरी फुटलं. मग एकदम सगळं कळलं. नाकाशी धरलेली कार्डं, वाटाण्याची पास्तित्सी, परवा रस्त्यात झारेन त्याला ओळख न देता गेला होता आणि वेंझूने तो माज समजला होता, ते सगळं. धुरकट कागद नव्हता. कागद कधीच धुरकट नव्हता! म्हणजे इतके दिवस तो बरोबर होता, आणि पुरावा समोर होता. हात लांब करायचा, कार्ड उंच धरायचं आणि हॉलला दाखवायचं. बस्स. नीनू, फ्रेडी, शार्लीन, तटातटाने बसलेले ते सगळे, आणि चौकापलीकडचे निळेसुद्धा, उद्या सकाळपर्यंत गावाला कळलं असतं की ठिपक्याचा ठिपका गोल होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याच्या हाताला खाज सुटली.

मग त्याने हात लांब केला, झारेनच्या हातातून कार्ड खेचलं आणि सूर नीनू पोचायच्या आत शर्टाच्या आत कोंबलं.

"काय रे, दाखव तरी," नीनू म्हणाले.

"दाखवायचं काय त्यात? धुरकट आहे." वेंझूचा चेहरा लालबुंद झाला होता. "सेटिंग चुकलंय. सगळीच चुकलीत, पहिल्यापासून. माझी चूक."

मागे कुणाच्या तरी हातून झांज पडली. ती गोल फिरत फिरत भिंतीशी जाऊन आडवी झाली.

"चूक?" मास्तर फ्रेडी म्हणाला. "तुझी?"

"माझी म्हटलं ना! किती वेळा म्हणू? क्लबच्या नोटिशीवर लावू?" आणि वेंझू तरातरा निघून गेला. त्याच्या पाठीवर हशा आला. चांगला मोठा आला. वर्षानुवर्षं साठवलेला होता लोकांनी.

कार्डांचं काम बिर्किर्काराच्या दुकानाला गेलं. वेंझू घरी बसला. तोनाने काही विचारलं नाही. शर्ट धुवायला घेताना कोरं कार्ड तिला सापडलं होतं, आणि ती काही खुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अख्खं गाव खिडक्या लावून झोपलेलं असताना झारेन आला. दार ढकलून आत आला, ओट्याला आपटला, खुर्ची चाचपली आणि बसला. बोंबार्डीन त्याच्या बगलेत होतं.

"कोरं होतं ना?" त्याने विचारलं.

वेंझू बटाटे सोलत होता. "काय कोरं?"

"कार्ड रे."

"कोण म्हणालं? तोना म्हणाली?"

"तू म्हणालास. 'माझी चूक' म्हणालास." झारेनचा आवाज चिरकला. "जन्मात कधी म्हणाला नाहीस, गाढवा. माझ्या बहिणीचं लग्न मोडलंस तेव्हा सुद्धा नाही म्हणालास. मी तिथेच ओळखलं, की मी काहीतरी भयंकर बोलून बसलोय."

वेंझूने सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

"मधोमध धुकं आहे," झारेन म्हणाला. "कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टर म्हणतो, वाढणार. पण आधी मला खरंच वाटलं तुझी कार्डंच वाईट आहेत. आणि मग जेव्हा कळलं तेव्हा... तेव्हा तेच बरं वाटायला लागलं. तुझी असलेली बरी, म्हटलं."

"डुक्कर आहेस तू," वेंझू म्हणाला, आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "निर्लज्ज डुक्कर. बाराशे ठिपके टाकले मी इंचाला! बाराशे!"

"मग आता सांगू जाऊन नीनूला? तुझं काम परत मिळेल."

"आणि तू निशाण घेऊन फिरशील? दिव्याच्या खांबावर आपटशील, निळे वर्षभर हसतील. बसून राहा. वाद्य काढ. मी म्हणतो, तू माझ्यामागून वाजव. लहानपणी शिकलो तसं."

आणि वेंझू गायला बसला. आता, पुढचे दात गेलेल्या माणसाने दो-रे-मी म्हणायचं म्हणजे ऐकवत नाही. 'सी' म्हणायला गेला की 'शी' निघायची, आणि 'सोल'बरोबर तुषार उडायचे.

"बाजूला हो, मला आंघोळ घालतोयस," झारेन म्हणायचा.

"दुसऱ्या ओळीत लक्ष दे, तिथे माश्या बसल्यात," वेंझू म्हणायचा.

रोज दुपारी हेच. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा तोनाने खिडकीतून सांगितलं, नवऱ्याला वेड लागलंय आणि त्याचा मित्र वाद्य वाजवून त्याला शांत करतो. शेजाऱ्यांना ते लगेच पटलं.

सण आला. सकाळचा मार्च निघाला, गच्च्यांवरून लाल कपट्यांचा पाऊस, पोरं खांद्यांवर नाचतायत, चौकात निळे घशात खोकला तयार ठेवून उभे. दुकानाची नवी कार्डं वाद्यांना लावलेली होती. दुकानाने केलं काय होतं? क्लबच्या कॉम्प्युटरवरून वेंझूचीच फाईल घेतली, वेंझूच्याच सेटिंगवर छापली आणि खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकलं. वेंझूने ते लांबूनच ओळखलं. आपला ठिपका कुणालाही ओळखता येतो.

चौकाच्या मध्यावर बँड एकदम थांबला. झारेनने बोंबार्डीन उचललं. वेंझूने तोनाचा हात असा धरला की ती कळवळली. आणि ते पितळ बोलायला लागलं. एकही सूर अडखळला नाही. तुकडा वर चढला, वर जाऊन थांबला, झारेनने तो सूर लांबवला, लांबवला, मास्तर फ्रेडीच्या काठीला त्याची वाट बघायला लावली आणि मग अलगद खाली आणला. निळ्यांतला एकही माणूस खोकला नाही. गच्चीवरच्या एका म्हातारीने जोरात सान रोक्कूला हाक मारली, आणि मग सगळा चौक फुटला. वेंझूला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. ओरडून सांगावासा वाटत होता, आणि सांगायची सोय नव्हती.

गर्दीतून पोट पुढे काढत सूर नीनू आले. केसांत कपटे, गालावर बिअर. त्यांनी वेंझूच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

"बघितलंस? बघितलंस ना, वेंझू? मी काय सांगत होतो! कागद स्वच्छ असला की माणूस कसा वाजवतो!"

तोनाने तोंड उघडलं. वेंझूने तिच्या पायावर पाय दिला.

"खरं आहे, सूर नीनू," तो म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. वय झालं, होतं असं. पण दुकानाचं काम बघ एकदा नीट. ठिपका कसा गोल आहे! जा तिकडे, शिकून घे त्यांच्याकडून."

"शिकतो," वेंझू म्हणाला.